दुसऱ्या डिस्कवरचे बाबा

४ फेब्रुवारी
तेवीस तारखेला आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस. ताईचा फोन आला. म्हणाली की आईला त्या दिवशी बाबांचा आवाज ऐकवायचा, तर तुझ्याकडचं रेकॉर्डिंग काढून ठेव. म्हटलं, दोन मिनिटांचं काम.

बाबांचा आवाज म्हणून आता तेवढंच उरलंय. आम्ही लहान असताना जेवणानंतरच्या गप्पा टेप केल्या होत्या, त्या. कॅसेट कधीच खराब झाली, उरली ती तिच्यावरून केलेली फाइल. गेल्या वर्षी मी घरातले सगळे फोटो, सगळी रेकॉर्डिंग गोळा केली, आणि सर्वांना आपापल्या कॉप्या डिलीट करायला लावल्या. एक वस्तू, एक जागा. जागा म्हणजे नव्या कॉम्प्युटरमधली माझी दुसरी हार्ड डिस्क. जुन्या कॉम्प्युटरवरचा सगळा संग्रह तिच्यावर निमिषात गेला होता. ही म्हणाली होती, इतक्या लवकर? म्हटलं, नवीन मशीन आहे.

टेपमध्ये बाबा माझ्याबद्दलही बोललेत. शब्द आठवत नाहीत, पण स्वर अभिमानाचा होता.

५ फेब्रुवारी, सकाळी
सर्चमध्ये ‘बाबा’ टाकलं. काहीही सापडलं नाही. ‘बाबांचा आवाज’ टाकलं. नाही. नुसतं ‘आवाज’ टाकलं तर स्पीकर कमीजास्त करायची खिडकी उघडली. एवढं महागाचं मशीन आणि घरच्या माणसाला ओळखत नाही.

७ फेब्रुवारी
चोर पकडला. सर्च फक्त पहिल्या डिस्कमध्ये शोधतो. दुसरीकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे हा वर्षभर एकाच खोलीचा केर काढत होता आणि मी समजत होतो घर झाडलं. याला विश्वासघातच म्हणतात.

उपाय: दुसऱ्या डिस्कचं इंडेक्सिंग चालू करायचं. मग कॉम्प्युटर आत जाऊन काय कुठे आहे ते टिपून ठेवतो. चालू केलं. ही म्हणाली की त्यापेक्षा फोल्डर उघडून डोळ्यांनी बघा ना. तिला माझी रचना माहीत नाही. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत फोल्डर. ती बँकेत गेल्यावर बघायला लागलो. मधेच कुठेतरी वाट चुकलो. हे तिला सांगण्यात अर्थ नाही.

११ फेब्रुवारी
इंडेक्सिंग चालूच. पंखा घरघरतोय. मशीन मेहनत घेतंय हे दिसतं.

संध्याकाळी ही मागे उभी राहून बघत होती. विचारलं की सगळ्या चिन्हांच्या कोपऱ्यात तो छोटा बाण कसला. म्हटलं, नवीन डिझाइन. ती ‘हं’ म्हणाली. तिचं ‘हं’ मला आवडत नाही.

धाकट्याचा फोन. दादा, काही मदत हवी का, वगैरे. मी आधी विचारलं, कॉपी डिलीट केलीस ना? म्हणाला, केली की, दादा. घरात हा एकच शिस्तीचा.

१४ फेब्रुवारी
सापडलं!!! ‘बाबांचा आवाज’, दुसऱ्या डिस्कवर, मी ठेवलं तिथेच. ताईला ताबडतोब कळवलं. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

फाइलचा आकार फक्त एक केबी! अर्ध्या तासाच्या गप्पा एक केबीत बसवणं सोपं नाही. आता वाढदिवसालाच ऐकायचं. आधी ऐकलं तर मजा जाईल.

१९ फेब्रुवारी
रंगीत तालीम म्हणून उघडलं. उघडेना. कॉम्प्युटर म्हणतो की मूळ फाइल हलवली किंवा काढून टाकली आहे, हा शॉर्टकटही काढून टाकू का? वर साळसूदपणे विचारतोय!

हिला जाब विचारला. ती खुर्ची ओढून बसली, दोन-चार फाइली उघडून बघितल्या, आणि हळू आवाजात म्हणाली की अहो, या फाइली नाहीतच, नुसते शॉर्टकट आहेत. तुम्ही दारावरची पाटी आणलीत, घर तिथेच राहिलं.

तिथे म्हणजे जुन्या कॉम्प्युटरमध्ये. तो भंगारात देण्याआधी त्याची डिस्क मी स्वतः हातोडीने फोडली. कोणी आपला डेटा चोरू नये म्हणून. ही म्हणते, तेव्हाच विचारलं होतं, नवीनवर सगळं उघडून बघितलंत का. विचारलं असेल. ओरडून विचारायला काय झालं होतं?

२० फेब्रुवारी
जेवण गेलं नाही. आई रोज एकदा तरी फोनवर म्हणते, तेवीसला ऐकायचंय ना. तिला काय सांगू? बाबांचा आवाज गेला. माझ्या घरातून गेला. कोणावर तरी चिडावं म्हणून दिवसभर माणूस शोधला. सापडला नाही.

२१ फेब्रुवारी
मार्ग निघाला. बाबांचा आवाज मला हुबेहूब काढता येतो. बाथरूममध्ये सराव केला. हिने दार वाजवून विचारलं की उलटी होतेय का.

२३ फेब्रुवारी
सगळे ताईकडे जमले. आई नवी साडी नेसून स्पीकरजवळच बसली होती. मी उभा राहिलो, घसा खाकरला, आणि तांत्रिक अडचण आल्याचं सांगितलं. एकालाही आश्चर्य वाटलं नाही. हे फार लागलं.

ताईने पर्समधून फोन काढला. बटण दाबलं. बाबा बोलायला लागले.

तिच्याकडे होतं. धाकट्याकडेही. हिच्याकडेसुद्धा! वर्षभर माझ्या तोंडावर ‘केलं डिलीट’ म्हणत सगळ्यांनी जपून ठेवलं होतं. मी ताईला विचारलं की मग मला कशाला कामाला लावलंस? ती म्हणाली, अरे, तू इतकं मनावर घेतोस, तुला विचारलं नसतं तर तुला वाईट वाटलं असतं.

एवढ्यात टेपमध्ये माझा बारीक आवाज आला, टेप माझ्याकडे द्या, मी नीट ठेवीन. आणि बाबा म्हणाले, त्याच्याकडे देऊ नका गं, नीट ठेवतो म्हणेल आणि हरवून बसेल.

स्वर अभिमानाचा नव्हता. हसत होते. बाबा, तुम्हीसुद्धा!

खोलीभर हसू. आई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि म्हणाली की पुन्हा लाव, तेवढंच पुन्हा लाव. तीनदा लावलं. तिसऱ्यांदा मलाही रडू आलं. किती दिवसांनी रागावले माझ्यावर.

घरी आलो तर ताईने फाइल पाठवलेली. खाली लिहिलंय: हरवलीस तरी चालेल, आमच्याकडे आहे.