दादाच्या विमानातला हिरवा

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागवायचीही आता लाज वाटायला हवी. वाटत नाही. परवा घराला रंग द्यायचा म्हणून सुनेनं दुकानातून रंगांची कार्डं आणली होती. दोन हिरवे तिला एकसारखेच वाटत होते, मुलालाही, रंगाऱ्यालाही. मी लांबूनच म्हटलं की डावीकडच्यात पिवळा जास्त आहे, भिंतीवर गेला की अंगावर येईल. सून म्हणाली, "आई, काय नजर आहे हो तुमची." कौतुकानंच म्हणाली बिचारी. मी उठून आत गेले आणि उगाच भांडी घासत बसले. हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकायला थांबले होते ते तुम्ही, आणि आज सत्तरी उलटल्यावर मला ते सुनेकडून ऐकायला मिळालं.

तुम्हाला रंग दिसत नव्हते हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही ते कधी बोललं नाही. तुम्ही मालगाडीचे गार्ड होता. रेल्वेच्या डॉक्टरनं एकदा टेबलावर रंगीत लोकरीच्या लडी टाकल्या आणि हिरव्या वेगळ्या काढा म्हणून सांगितलं. तुम्ही हिरव्यांबरोबर तपकिरीही उचलल्या. लाल-हिरव्या निशाणांवर ज्याचं काम चालतं त्याला अशी चूक परवडत नाही. तुम्हाला कल्याणच्या मालधक्क्यावर कारकून करून बसवलं, आणि घरी येऊन तुम्ही बढती झाली म्हणालात. आईनं शिरा केला. आम्ही तो खाल्ला. तेव्हापासून बाजारात टोमॅटो निवडायला तुम्ही मला नेत होता आणि मला वाटायचं, मी लाडकी आहे.

मग दादा विमानदलात गेला आणि ब्रह्मदेशाच्या लढाईतून परत आला नाही. लढाई संपली, स्वातंत्र्य आलं, आपल्या कोपरीतली शेजारपाजारची माणसं आपापल्या कामाला लागली. तुम्ही मागच्या पडवीत सागवानाची फळी घेऊन बसलात आणि दादाचं विमान कोरायला घेतलंत. हात तुमचा सुरेख होता, ते मी आजही नाकारणार नाही. पंख, शेपटी, एक्स-रेची फिल्म धुऊन केलेलं वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, सगळं मापात. बाहेरचा रंग तुम्ही फोटोवरून पटकन उरकलात, त्यात मन नव्हतं. तुम्हाला हवा होता आतला रंग, त्या झाकणाखालचा, दादाच्या गुडघ्यांच्या आजूबाजूचा. आईनं एकदा विचारलं की आतलं कोण बघणार आहे. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "शेवटी त्याच्या डोळ्यांसमोर काय होतं ते मला कळलं पाहिजे." पण तुम्हाला न दिसणारा रंग तुम्हाला अचूक हवा होता, आणि त्यासाठी घरात डोळे एकाच माणसाचे होते.

नेवाळीच्या विमानतळावरची लढाईतली मोडकी विमानं तेव्हा कापून भंगारात निघत होती. कल्याणच्या एका भंगारवाल्याकडून तुम्ही पत्र्याचा तुकडा आणलात, आतल्या बाजूला हिरवा रंग लागलेला. रोज सकाळी ऊन पडवीत यायच्या आत तुम्ही मला हाक मारायचा. फरशीच्या तुकड्यावर सफेदा, पिवडी, काजळी, हिरवा आणि दोन थेंब अळशीचं तेल. तुम्ही घोटायचा, पत्र्याच्या पट्टीवर ओढायचा, वाळू द्यायचा, कारण ओला रंग फसवतो. मग मी तो तुकड्याशेजारी धरून बघायचं, मध्येच डोळे मिटायचे, पुन्हा बघायचं. मी म्हणायचे, हा कैरीच्या सालीसारखा झालाय, आपल्याला पेरूच्या सालीसारखा पाहिजे, तो नुकता पिवळा व्हायला लागतो ना, तसा. तुम्ही पिवडी वाढवायचा. चैत्रात तो रंग जुळला. त्याच सुमारास मला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाल्याचं पत्र आलं. राहायची सोय वसतिगृहात. मला शिक्षिका व्हायचं होतं, नाना. मॅट्रिकपासून दुसरं काही मनातच नव्हतं. तुम्ही पत्र वाचलंत आणि छान म्हणालात. आईनं माझ्यासाठी दोन नवी पातळं काढून ठेवली.

आणि दादाचा मित्र आला. डोंबिवलीचा, दादाच्याच तुकडीतला, तसलंच विमान चालवलेला. तुम्ही त्याला मोठ्या हौसेनं पडवीत नेलंत. त्यानं वाकून आत बघितलं. मग अवघडून म्हणाला, "काका, हा अमेरिकन विमानांतला रंग आहे. आमची विलायती होती, आतून इतकं पिवळं नव्हतं. करडं हिरवं होतं सगळं." खिशातून त्यानं तंबाखूची डबी काढली. ती त्याच्या विमानातल्याच कसल्याशा भागाची होती. बाहेरून घासून पांढरी पडलेली, पण झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात मूळ रंग शाबूत. तंबाखू रुमालात बांधून घेऊन त्यानं डबी तुमच्या हातात ठेवली. नेवाळीला लढाईत अमेरिकन विमानंही उतरत होती, हे आपल्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. विमान म्हणजे विमान, हिरवा म्हणजे हिरवा.

तो गेल्यावर तुम्ही लगेच आतला रंग खरवडायला बसलात. मला तेव्हाच कळलं. तुम्ही मला जाऊ नकोस असं कधीच म्हणाला नाहीत, तेवढे सरळ तुम्ही नव्हता. फी भरायची मुदत जवळ आली तशी मी पडवीत येऊन उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "एवढा रंग होऊ दे. कॉलेज कुठं पळून जातंय? पुढच्या वर्षी जा." आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला मी तुमच्यासमोर आवाज चढवताना त्या एकाच दिवशी ऐकलं. "अहो, गेलेल्यापायी जित्या पोरीला घरात बसवू नका." तुम्ही खरवडत राहिलात. मुदत गेली. पातळं आईनं कपाटात परत ठेवली.

पावसाळ्यात रंग वाळायला फार वेळ लागतो. पट्टी दिवसदिवस चिकट राहते आणि वाळली की काळवंडते. आपण ते सगळे महिने त्या डबीच्या कोपऱ्याशी झटत होतो. मी चिडून बोलत होते, तुम्ही निमूटपणे काजळी घालत होता. पुढं एका सकाळी पट्टी कोपऱ्याला टेकवली आणि दोघांमधली रेघ दिसेनाशी झाली. मी म्हटलं, झालं. तुम्ही पट्टी हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसलात. तुम्हाला त्यात काय दिसत होतं देव जाणे, बहुधा चिखलच. मग तुम्ही विचारलंत, "कसा आहे गं तो?" मी सांगितलं, वाळलेला शेवग्याचा पाला राखेत कालवल्यासारखा आहे. डोळ्यांना त्रास देत नाही. शांत आहे. तुम्ही दोनदा विचारलंत, शांत आहे ना? त्या दिवशी मला कॉलेजचं दुःख नव्हतं, खरंच नव्हतं. मला वाटलं, आपण दोघांनी मिळून दादाला कुठंतरी नीट बसवलं.

मित्राला निरोप गेला. तो आला, गुडघ्यावर बसला, झाकणातून आत बघितलं आणि त्याला रडू आवरेना. "हेच, काका," एवढंच म्हणाला. मी चहा घेऊन दारात उभी होते. डोळे पुसून झाल्यावर त्यानं विचारलं, इतका हुबेहूब जुळवला कुणी. आई माझ्याकडे बघून हसली. आणि तुम्ही म्हणालात, "मीच. नजर पाहिजे त्याला. आमच्या रेल्वेत सगळा कारभारच रंगांवर चालतो." ताठ बसून म्हणालात, गार्डाचा कोट अंगावर असल्यासारखे. आईचं हसू तिथंच राहिलं. मी चहा खाली ठेवला.

आता या वयात मला समजतं की त्या माणसासमोर तुम्हाला घटकाभर पुन्हा गार्ड व्हायचं होतं. समजतं, म्हणून माफ होतंच असं नाही. पुढच्या वर्षी कॉलेजानं वय आणि मागच्या खेपेची गैरहजेरी काढून नाही म्हटलं. मग कल्याणचं स्थळ आलं, आणि मी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायची ती माझ्याच दोघांना अ आ ई शिकवत बसले. त्याबद्दल सासरी कुणी वाईट वागलं असंही नाही. वाईट फक्त तुम्ही वागलात, एका शब्दापुरतं. "हिनं" म्हटलं असतंत तरी पुरलं असतं. तुम्ही आजारी असताना मी रात्रंदिवस उशाशी होते, तेव्हाही वाट बघत होते. तुम्ही पाणी मागितलंत, आईला सांभाळ म्हणालात, ते मात्र नाही.

हे सगळं लिहून काढलं की मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही, आणि हे कागद मी उद्या चुलीत घालणार आहे. तुमचा पत्ता असता तरी पत्र टाकलं नसतं. तुम्ही माफीबिफी काही मागितली नसतीत. उलट टपाली एवढंच लिहिलं असतंत की एक रंग अडलाय, बघायला ये. आणि मी आले असते, नाना.