नकट्याच्या बॉनेटवरचा खोका

२ मार्च

भिंगकाका म्हणाले, "इंजिन राहू दे. आधी तारीख ठरव."

मला वाटलं, पगाराची. तसं नव्हतं. इंजिन एकच असलं तरी सारखं बदलत असतं – दिवा नवा येतो, कठडा वाकतो आणि वाकलेलाच राहतो, कुणीतरी जाळीवर पट्टी ठोकतं. म्हणून मॉडेल नेमकं कुठल्या दिवसांतलं, हे पक्कं झाल्याशिवाय पत्र्याला हात लावायचा नाही. "अर्धं आधीचं, अर्धं नंतरचं असं इंजिन रुळावर कधी उभंच नव्हतं, पोरी."

भिंगकाका म्हणजे मालक. कपाळावर कायम भिंग, आंघोळीलाही काढत नसावेत. छोट्या आगगाड्या बनवतात, खऱ्याच्या सत्त्याऐंशी पटींनी लहान. आता क्लबवाल्यांनी नकट्याची ऑर्डर दिली आहे. नकटं म्हणजे चाचणीपुरतं एकच बांधलेलं डिझेल इंजिन, बसक्या नाकाचं. चार दिवस मिरवलं आणि भंगारात गेलं. उरलेत फोटो, खोकं भरून. ते तारखेप्रमाणे लावायला मला ठेवलंय.

मी नकट्यात बसलेली आहे, हे काकांना सांगितलेलं नाही. बाबांच्या मांडीवर. भोंगा मीच वाजवला होता.

४ मार्च

आज काम झालं नाही. समोरच्या गल्लीत एक माणूस लांब शिडी घेऊन वळत होता. वळता येईना. बघत बसले.

७ मार्च

क्लबचे सेक्रेटरी आले होते. बोटाला अंगठी, बोलताना तीच फिरवत असतात. छतावर पंखे दोन की तीन यावर काकांशी जुंपली. मी सहा फोटो मांडून दाखवले – तिसरा पंखा नाही, ते गोल झाकण आहे, सावलीमुळे पंखा वाटतो. सेक्रेटरी खूश. मग चहा पिता पिता म्हणतात, "काय देखणं इंजिन होतं. त्या झोपाळू ड्रायव्हरनं वाट लावली."

काका म्हणाले, "पेंगला म्हणे ऐन वळणावर."

मी कप विसळायला गेले. बराच वेळ विसळले.

या लोकांना जाळीच्या पट्ट्या तोंडपाठ, पट्ट्यांमधलं अंतर पाठ. आत बसलेला माणूस मात्र पाकिटातला, तयार बाहुला. पाकिटात सहा ड्रायव्हर येतात, सगळ्यांचं तोंड सारखं, आणि पाय नसतात. खिडकीतून कुठे दिसतात पाय, म्हणून.

८ मार्च

एकदा लिहूनच टाकते.

मी चौथीत होते. बाबांनी नकटं लाल सिग्नल ओलांडून उभ्या मालगाडीवर घातलं. तिच्या गार्डचा पाय गेला. बाबा म्हणाले, बॉनेटवर हवेच्या गाळणीचा खोका नवीन बसवला होता, बरोबर माझ्या खिडकीसमोर, त्याच्याआड सिग्नल दिसलाच नाही. चौकशीवाले म्हणाले, खोका तर अपघातानंतरच्या दुरुस्तीत बसला. म्हणजे ड्रायव्हर पेंगला, असं ठरलं. नोकरी गेली, क्वार्टर गेलं. शाळेत पोरं मला बघून घोरायची. पुढे मी कुठे टिकले नाही – कॉलेज सोडलं, बोटीवर भांडी घासली, तंबू ठोकले, एका बाईची कुत्री फिरवली. आई म्हणते, "तुझ्या पायाला चाकं आहेत." असतील. बापाचीच आली असतील.

बाबा टीव्हीसमोर बसतात. आवाज बंद ठेवून.

११ मार्च

सापडलं.

अपघाताआधी नकट्याला पुढे एकच मोठा दिवा होता. तो अपघातात फुटला, नंतर दोन लहान बसवले. हे सगळ्यांना मान्य, काकांनी स्वतः मला शिकवलं. आणि आज तळाशी एक फोटो निघाला, कुणीतरी पुलावरून काढलेला. मोठा दिवा शाबूत. आणि बॉनेटवर खोका!

खोका आधीपासून होता. बाबा खरं बोलत होते.

फोटो खाली ठेवला आणि चुकून त्यावर बसू नये म्हणून लांब जाऊन बसले. एवढं साधं. दिवा बघ, खोका बघ. चौकशीला बसलेल्या एवढ्या माणसांना एक फोटो बघता आला नाही?

१२ मार्च

सेक्रेटरींना खोका नकोय. "रूप जातं हो इंजिनाचं. नाकावर फोड आल्यासारखं दिसतं. पहिल्या वर्षाचं बनवा ना, साफ."

मी म्हटलं, अपघाताच्या दिवसाचंच बनवायचं. जरा जोरातच म्हटलं. काकांनी भिंग डोळ्यावर घेतलं, फोटो बघितला, मग मला बघितलं, भिंगातूनच.

"क्लबनं देखावा कुठल्या दिवसाचा केलाय?" त्यांनी सेक्रेटरींना विचारलं.

ते जंक्शन, तेच वळण, मूळ नकाशावरून मापानं केलेलं. अपघाताच्याच वर्षाचं.

"मग फोड येणार," काका म्हणाले.

रात्री आईला फोन केला. खोक्याचं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. पण बाबांना इतक्यात काही विचारू नकोस." माणसाला वाटतं, आई रडेल तरी. भाजी करपतेय म्हणाली.

१७ मार्च

खोक्याची उंची काढायची होती. "तू काढ, तुझे डोळे ताजे आहेत," काका म्हणाले. शेजारच्या कठड्याची उंची माहीत आहे, तिच्यावरून हिशेब. गणितात मी कायम नापास. तरी तीन वेगळ्या फोटोंवरून काढली आणि तिन्हींचं उत्तर एकच आलं. पितळी पत्रा कापला, कानशीनं कडा घासल्या, दुमडला, डाग देऊन जोडला. काकांनी नखानं टिचकी मारून बघितलं आणि काही बोलले नाहीत. त्यांच्याकडे ही शाबासकी असते.

२१ मार्च

इंजिन क्लबच्या देखाव्यावर ठेवून बघायला मला एकटीलाच पाठवलं. चाकं वळणावर घासतात का, एवढंच बघायचं होतं.

मीही शहाणी! मोबाइलचा कॅमेरा ड्रायव्हरच्या मागे लावला. पुढे वळण, वळणावर सिग्नल, लाल. बाबांना काय दिसलं नाही, ते एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं.

सिग्नल दिसत होता.

खोक्याच्या वर. पूर्ण. दिवाच नाही, खांबही अर्धा. इंजिन मागे घेतलं, पुढे घेतलं, कॅमेरा खाली केला – माणूस इतका वाकून बसत नाही, तरी केला. संपूर्ण वळणभर दिसत होता.

परत येताना चपलेचा अंगठा तुटला. चांभाराकडे बसले. तो कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होता, मी हो हो करत होते.

२२ मार्च

उंची पुन्हा काढली. तेवढीच.

२४ मार्च

नवा खोका केला. आधीच्यापेक्षा अडीच मिलिमीटर उंच. खऱ्या इंजिनावर वीतभर.

काकांनी लगेच ओळखलं. "वाढला का गं हा?"

"कठड्याच्या सावलीनं फसवलं, काका. आधीचं माप चुकलं होतं."

"तरीच," ते म्हणाले, आणि दिवे लावायला घेतले.

तपासलंही नाही. या माणसांना हवी तेवढी चूक चालते. कुणी मापात मुद्दाम खोटं बोलेल, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कॅमेरा लावून बघितलं. आता दिसत नाही. काळा खोका आणि वर आकाश.

रविवारी इंजिन क्लबात मांडणार. ज्यांनी खरं नकटं जवळून पाहिलंय अशांना बोलावलंय, काही चुकलं असेल तर सांगा म्हणून. सोमवारी साचा. एकदा साचा झाला की ज्याच्या त्याच्या कपाटात हाच खोका जाणार, आणि वाकून बघणारा प्रत्येक जण म्हणणार, बिचाऱ्याला दिसलंच नसेल. म्हणू देत. इतकी वर्षं घोरून दाखवलंत ना?

बाबांना फोन केला. मॉडेल बघायला या म्हटलं. कुठल्या इंजिनाचं, तेही सांगितलं. टीव्हीचा आवाज नव्हताच, तरी काहीतरी बंद केल्यासारखं वाटलं.

"कुणी केलंय?"

"मी."

"येतो," म्हणाले.

२८ मार्च

बाबा आले. एक पिशवी, इस्त्रीचा शर्ट. माझ्या खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "नळ गळतोय तुझा." वायसर बदलायला बसले. बदलून झाल्यावर विचारलं, "खोक्यासकट केलंयस?"

हो म्हटलं.

ते नळ उघडून बंद करून बघत राहिले.

२९ मार्च

क्लबात पोचल्यावर काकांना सांगून टाकलं – हे माझे वडील, तेच ड्रायव्हर. सेक्रेटरींची अंगठी फिरायची थांबली. काकांनी भिंग कपाळावरून काढून खिशात ठेवलं.

बाबा गुडघे टेकून इंजिनाच्या पातळीला आले. आधी दिवा बघितला, मग कठडा. शेवटी ड्रायव्हरच्या मागून, एक डोळा मिटून, वळणाकडे. खूप वेळ.

"एवढा उंच नव्हता हा," ते काकांना म्हणाले. "वरून दिसायचं. मला दिसत होतं."

मग उठले. उठताना माझा खांदा धरला.

"कानस आहे का गं तुझ्याकडे?"