देखू, पुढला साल

नाना, रविवारी आईला भरीत खायला शेतात नेलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर. आता तिला जमिनीवर बसता येत नाही, म्हणून बांधाशी खुर्ची टाकावी लागली. ती खुर्ची पाहून मला तुमचा जो राग आला, तो अजून उतरलेला नाही.

आपण वरणगावला क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हाची ती एकच भरीत पार्टी मला लख्ख आठवते. तुमच्या कामावरच्या दोस्ताचं शेत. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जातायत, तुम्ही बाह्या सारून ती ठेचताय, वर कांद्याची पात घालताय, आणि पहिला घास सगळ्यांदेखत आईला भरवताय. आई लाजून पदरात तोंड लपवते. तुम्ही गाणं म्हटलंत, नाना! म्हणजे तुम्हाला जगता येत होतं. येत नसतं, तर मी एक अक्षर बोलले नसते.

त्यानंतर दर हिवाळ्यात आईनं विचारायचं, "औंदा जाऊत ना भरीत खावाले?" आणि तुम्ही म्हणायचं, "देखू, पुढला साल." कारण रविवार उजाडला की तुम्ही निघालात प्लॉट बघायला. धुळ्याला देवपुरात एक झाला, मग त्याच्या शेजारचा, मग दोन्हींना कुंपण. आम्हाला नेऊन त्या गवतात भर उन्हात उभं करायचात. "हाई बठ्ठं तुमनंच शे." सगळं आमचंच म्हणे. काय करायचं होतं नाना आम्ही त्या गवताचं? आई एकदा म्हणाली, डबा आणलाय, इथंच बसून खाऊ. तर केवढ्यानं खेकसलात, "आठे काय सहलले ऊनात का?" जसं काही सहलीला येणं गुन्हाच होता. डबा बंदच घरी आला.

लोक म्हणतात, बापानं किती करून ठेवलं. ठेवलं खरं. त्या प्लॉटांचं नाव आईच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं नाही. पण घरी कुणी पाहुणा आला की ती त्याला त्या घासाची गोष्ट सांगते. दरवेळी तीच, कारण दुसरी नाहीच तिच्याकडे. अख्ख्या संसारात एक घास! वांग्यांचा काय दुष्काळ पडला होता का खान्देशात?

रविवारी तिनं ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी भरतासोबत सावकाश चघळत खाल्ली, बोटं चाटली, आणि पुन्हा कधी यायचं ते लहान पोरीसारखं विचारलं, "आखो येऊत ना वं बाई?" माझं डोकं मोबाईलमध्ये होतं, ऑफिसचा मेसेज आला होता. मान वर न करताच मी म्हणाले, "देखू." तुमच्यासमोर नुसती मान हलवायची, तशीच तिनं हलवली.

हे सगळं आईला वाचून दाखवायचं ठरवून लिहायला बसले होते. तुम्हाला घातलेल्या शिव्या ऐकून ती हसली असती. पण आता नाही दाखवणार. शेवट वाचताना माझा आवाज तिला तुमच्यासारखा वाटेल.