शेवटची बांगडी

कैरो

आई, तुझ्या दोन्ही हातांचे मुके.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

धाकट्या इन्साफलाही माझ्यासारखी जनसंवादाची पदवी हवी आहे, म्हणून शेवटची सोन्याची बांगडी मोडू का, असं विचारलंस. बाकीच्या माझ्या कॉलेजच्या फीपायी गेल्या. त्यातली एकही मी अजून परत करू शकले नाही. पगार खोलीच्या भाड्यातच जातो.

शेजारची उम्म रिदा टोमणा मारते ना, "तुमची रावया टीव्हीवर दिसणार कधी?" तिला सांग, दिसत नाही, पण ऐकू येते.

बोलता बोलता तुझ्या मोबाइलमधले पैसे संपले की एक बाई म्हणते, "आपली शिल्लक संपली आहे." तू तिच्यावर खेकसतेस म्हणे, "अगं मेले, लेकीशी बोलू दे की!"

आई, ती बाई मीच आहे. एका दुपारचं रेकॉर्डिंगचं काम होतं, पैसे एकदाच मिळाले. कॉलेजात माझा गावाकडचा हेल पार घालवला, म्हणून तू ओळखलं नाहीस.

बांगडी मोडायच्या आधी इन्साफला तो आवाज ऐकव. बहीण ओळखू येते का, विचार.

तुझ्या मनगटाला गाल लावून,
रावया