पहिल्या पानावरची मंजुश्री

१० नोव्हेंबर, सोमवार

परत तीच बाई छापली आज. काळी सावली, गुडघ्यात डोकं, दोन्ही हात तोंडावर. अर्धापूरची विवाहिता घर सोडून गेली तरी तीच, देगलूरला हुंड्याची केस झाली तरी तीच. कॉम्प्युटरवर तिचं वेगळं फोल्डर आहे — 'पीडित'. उज्वलाताई पान लावता लावता म्हणल्या, "हिला पगार सुरू करा आता. लई ड्युटी करून राहिली बिचारी."

हसलो. हसायला नको होतं.

व्यंकटराव साहेबांचा नियमच आहे — 'सायं धडाका'च्या पहिल्या पानावर रोज एक पुढारी पाहिजे आन एक बाई. पुढारी बोलताना, बाई पळताना! "नांदेडच्या स्टँडवर माणूस पेपर कशाला घेतो? गाडी येईपर्यंत कुणाची तरी इज्जत बघायला." चष्मा पुसत सांगतात, जसं काही कॉलेजात शिकवून राहिले. आणि मथळे देणारा मी. 'प्रियकराच्या मदतीने' हे तर बोटं आपोआप टाईप करतात.

११ नोव्हेंबर

उदगीर नगरपालिकेच्या उमेदवारांचे फोटो आले. खाली सरकवत होतो. प्रभाग नऊ, महिला राखीव — मंजुश्री!!

आडतवाल्या अण्णारावांची मंजुश्री. लातूरच्या कॉलेजातली माझी मंजुश्री. (माझी! लिहायला काय जातंय.) पासपोर्ट फोटो. केस चापून बांधलेले, ओठ घट्ट. बँकेच्या फॉर्मवर असतो तसा.

मोंढ्याच्या बाजारातला एक पोरगा तिच्याबद्दल घाण बोलला म्हणून मी दुसऱ्या वर्षाला त्याचं नाक फोडलं. प्राचार्यांनी माफी लिहून मागितली, मी दिली नाही, कॉलेज सुटलं. ती शिकली, वकील झाली. त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोलली नाही. का ते अजून कळलं नाही मला.

१२ नोव्हेंबर

नंबर तोंडपाठ आहे. फोन केला नाही.

१३ नोव्हेंबर

'रणरागिणी विशेष पान' काढायचंय. प्रत्येक महिला उमेदवाराची दोनशे शब्दांची जाहिरात, बातमीसारखी दिसणारी. एकीला फोन लावला. नवऱ्यानं उचलला.

"बोला, मी उमेदवारच बोलतोय."

"काका, उमेदवार बाई आहेत ना?"

"हाव, तिच्याच नावानं हाय. ती भाकरी करून राहिली. तुम्ही विचारा, मी सांगतो ना."

फोटोही त्यानं पाठवला. स्वतःचा मोठा, हात जोडून. बायको कोपऱ्यात, तिकिटाएवढी. साहेबांना दाखवलं तर म्हणले, "बरोबर हाय. मतदार ओळखतो कुणाला?"

मग मंजुश्रीच्या फोटोवर थांबले. "हिचा नवरा कुठाय?"

"लग्न झालं नाही साहेब."

"सव्वीस वर्षाची आन लग्न न्हाई? का न्हाई?" डोळे चमकले त्यांचे. "हाच मथळा!"

माझं डोकंच फिरलं. पण टेबलाखाली मूठ आवळली आणि म्हणलं, साहेब, ती माझ्या कॉलेजातली. मी लिहितो. तुम्ही बघाच. त्याच्यापेक्षा भारी लिहितो.

"लिही. पण चटका पाहिजे."

वाचवलं तिला. दुसरं कोण होतं तिथं तिच्या बाजूनं!

१४ नोव्हेंबर

लिहिलं! दिवसभर जेवलो नाही. इतकं चांगलं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. 'उदगीरच्या किल्ल्यावर चांदणं उतरावं तशी ती प्रभागात फिरते... तिच्या हसण्यात निवडणुकीचा कौल आहे...' असं एक एक वाक्य. घाण एक अक्षर नाही. नुसतं मन.

आणि तो बँकेचा फोटो काढून टाकला. माझ्या मोबाईलमधला दिला — गॅदरिंगचा, मीच काढलेला. केस मोकळे, मागं बघून हसतेय. अख्ख्या महाराष्ट्रात असा उमेदवार नसेल.

उज्वलाताईंनी पान लावलं. दोनदा वाचलं. "लई गोड लिहिलंस रे मृत्युंजय. पण ही उभी कशाला राहिली, ते कुठाय यात?"

"तुम्हाला नाही कळणार ताई!"

"हाव. माझा नवरा बी लग्नाआधी असंच लिहायचा." आणि पुढच्या पानाकडं वळल्या. त्यांच्या नवऱ्यानं त्यांना सोडून सात वर्षं झाली.

१५ नोव्हेंबर

पहिल्या पानावर! पाच कॉलम! साहेबांनी माझा एक शब्द कापला नाही. फक्त मथळा त्यांचा —

'प्रभाग नऊमध्ये रूपाची लाट! विरोधक घायाळ!!'

मी दिलेला मथळा वेगळा होता. नाव कुणाचंच नाही, 'आमच्या प्रतिनिधीकडून'. उदगीरला अंधार पडायच्या आत अंक संपले म्हणे. साहेबांनी पेढे आणले.

मथळा तेवढा नको होता. पण आत तर माझंच आहे ना. ती आतलं वाचेल.

१६ नोव्हेंबर

मामाच्या पोराचा उदगीरहून फोन. "अरे काय आयटम छापलाय तुमच्या पेपरात! प्रभाग बदलून घ्यावा म्हणतो मी!" त्याला माहीत नाही माझं. आईबहीण काढली त्याची. तो नुसता हसत राहिला.

तिच्या फोटोला गाणं लावून फिरवून राहिले. माझ्याच ग्रुपवर तीनदा आला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तिचा फोन आला. तिचा! स्क्रीनवर तिचं नाव.

"मृत्युंजय, तू तिथंच काम करतोस ना?"

"हाव."

"ते कुणी लिहिलं, तेवढं सांग."

मग तीच बोलत राहिली, सपाट आवाजात. घरोघर जाऊन राहिलेय. नळाचं सांगायला लागले की पोरं मोबाईल वर करतात, 'ताई, इकडं बघून हसा'. बाया दार लोटून घेतात, आत नवऱ्याला हाका मारतात. बाबा दोन दिवस दुकानात गेले नाहीत. मोंढ्यात कुणी तरी म्हणलं, अण्णाराव, तुमच्या मालाचा भाव वाढला की! आई जेवत नाही. आमच्या रविकिरणदादानं आज माझ्याच प्रभागातून वहिनीचा अर्ज भरला. 'नुसता असू दे म्हणून'. बाबा म्हणतात, शुक्रवारी तीनच्या आत तू अर्ज मागं घे.

"घेणार तू?"

"मला लढायचंय रे. दीड वर्ष फिरलेय मी त्या गल्ल्यांतून. कुणी लिहिलं ते सांग ना. बाबांना वाटतं मीच छापून आणलं, माझाच फोटो मीच दिला. तेवढं त्यांच्या डोक्यातून निघालं तर ते माझ्या बाजूनं येतील."

म्हणलं — "बघतो."

बघतो!! थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतंय. मारून घेतली पण. काही होत नाही त्यानं.

१८ नोव्हेंबर

साहेबांना म्हणलं, दिलगिरी छापा.

"कशाची?"

"मंजुश्रीच्या लेखाची."

"अरे येड्या, तारीफ छापली आपण तिची! तारीफीची दिलगिरी मागतं का कुणी? वाचून बघ. एक वाईट शब्द दाखव."

नाही दाखवता आला. मीच लिहिलेलं, मलाच त्यात एक वाईट शब्द सापडला नाही! चहाचा ग्लास भिंतीवर फेकला. साहेब शांत. "भिंत पूस. आन दुसरा भाग लिही — 'रूपाची लाट ओसरणार का?' उद्या पाहिजे."

भिंत पुसली. लिहिलं नाही.

१९ नोव्हेंबर

दुसरा भाग खरा लिहायला बसलो. तिच्या कामावर. असा लिहीन की साहेबांना छापावाच लागेल.

पहिली ओळ — 'मंजुश्री यांनी प्रभाग नऊमध्ये'

पुढं काय? काय केलं तिनं? दीड वर्ष फिरली म्हणाली. कशासाठी? नळ किती दिवसांनी येतो तिथं? मला माहीत नाही. ती कसली वकिली करते? माहीत नाही. तिच्या मानेवरचा तीळ माहीत आहे. वळून बघते कशी ते माहीत आहे. सहा वर्षं झाली मी हिच्यावर मरतोय, आणि हिच्यावर चार ओळी खऱ्या लिहिता येत नाहीत मला!

उज्वलाताईंनी मागून वाचलं. चहा ठेवून गेल्या.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पहाटेची उदगीरची एसटी धरली. प्रभाग नऊ विचारत विचारत गेलो. एका अंगणात तीन-चार बाया पत्र्याखाली बसलेल्या, मध्ये ती. केस चापून बांधलेले. मांडीवर वही. समोरची म्हातारी, बसम्मा, मला बघून ओरडली, "यारप्पा, कोण हा? फोटो काढायला आला का पोरीचा? चप्पल आण ग माझी!"

"राहू दे बसम्माक्का. वळखीचा आहे." ती उठली. नळाच्या तोटीपाशी आलो आम्ही. तोटी कोरडी, तिला चिंधी बांधलेली.

म्हणलं, "मी लिहिलं."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"तो फोटो तूच काढला होतास की. पेपर हातात आला तेव्हाच कळलं. फोन केला तो तू सांगशील म्हणून."

"मी प्रेमानं लिहिलं, मंजू. साहेब तुझं लग्नाचं काढणार होते. तुला वाचवायला —"

"कॉलेजातबी तू मला वाचवलंस." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी सांगितलं होतं का तुला, त्याला मार म्हणून? तू गेलास निघून. मी तिथंच होते. 'हिच्यापायी मर्डर होता होता राहिला' — दोन वर्षं ऐकलं मी. हॉस्टेलच्या बाईंनी बाबांना बोलावून घेतलं."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच कधी विचारलं नव्हतं.

मग म्हणाली, "एक काम कर. दोन ओळीत लिहून दे, सही करून. लेख मी लिहिला. फोटो माझ्या मोबाईलमधला, मंजुश्रीला न विचारता दिला. बस. बाबांच्या दुकानात लातूरचा जुना, नावाजलेला पेपर येतो, बाबांचा विश्वास आहे त्याच्यावर. त्यांना पाठव. उद्या सकाळी तिथं छापून आलं की बाबा स्वतः वाचतील."

"तुझ्या हातात देऊ का?"

"माझ्या हातून गेलं तर म्हणतील, हिनंच लिहून घेतलं. तू पाठव. आणि मृत्युंजय, दोनच ओळी. तिसरी नको."

लातूरला आलो. स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानात कागद मागितला, उभ्यानंच लिहिल्या. दोन ओळी. वाचल्या. मी एखादा चोर असल्यासारखा वाटायला लागलो. कुणाला काय कळणार मी कसला माणूस आहे ते? आणि लोक तिच्याबद्दल काय समजतील — कोण हा पोरगा, ह्याच्या मोबाईलमध्ये हिचा फोटो कसा? तिचंच नाव खराब होईल! म्हणून खाली एक लिहिलं. तिच्या भल्यासाठी —

'माझे तिच्यावर एकतर्फी प्रेम आहे, यात तिचा काही दोष नाही.'

सही केली. पेपरच्या कचेरीत जाऊन दिलं. तिथल्या माणसानं वाचलं, वर बघितलं, आणि खुर्ची दिली. पाणी मागवलं. फोटो आहे का तुमचा, विचारलं. दिला. खूप आदरानं बोलले.

हलकं वाटून राहिलंय. पहिल्यांदा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

छापून आलं. 'प्रभाग नऊची प्रेमकहाणी! उमेदवार तरुणीच्या प्रियकराची कबुली.' तिचा फोटो आणि माझा, शेजारी शेजारी, मध्ये लाल बदाम. फक्त तिसरी ओळ घेतली. तीही अर्धीच, 'एकतर्फी' काढून. पहिल्या दोन कुठंच नाहीत.

अडीचला अण्णाराव तिला तहसीलला घेऊन गेले. आता ती प्रभाग नऊची उमेदवार नाही. माझी आहे — अख्ख्या उदगीरसाठी.