दोन काट्यांचा डबा

अहो,

दुकान आज लवकर उघडायचंय, म्हणून निघते. तुमचं सॅलड फ्रिजच्या वरच्या कप्प्यात आहे. लिंबाचा रस वेगळ्या डबीत दिलाय, आधीच ओतलात तर पानं मरगळतील.

आता मापाचं. डॉक्टरांनी दुपारी दोन मुठी पानं, मूठभर उकडलेले चणे आणि एक अंडं सांगितलं होतं. महिनाभर तेवढ्यात तुमचं छान भागलं. मग डबा मोठा झाला, एका अंड्याची दोन झाली, आणि परवा तर म्हणालात, "काटा एक जास्तीचा ठेव." एवढं खाऊनही तुमचा पट्टा एक भोक आत गेलाय. मी औषधाच्या दुकानात बसते हो! डोस कुणाच्या पोटात जातोय, ते मला कळतं.

काल विचारलं तेव्हा म्हणालात, "अगं, अकाउंट्सच्या नव्या बाई डबा आणत नाहीत. दोन घास दिले तर बिघडलं कुठे?" काही बिघडलं नाही. फक्त "काकडी जरा पातळ चिर, त्यांना तशी आवडते" एवढं म्हणायला नको होतं. इतक्या वर्षांत माझी काकडी तुम्हाला कधी जाड लागली नव्हती.

तर आज सॅलड तिघांचं केलंय, आणि काकडी जाडच चिरलीय. जेवणाच्या सुट्टीत मीही येतेय. त्यांना म्हणावं, जरा सरकून बसा.