तुझा फॉर्म मी भरला आहे

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (तो कागदावरच, प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील). इकडे सर्व ठीक. तुझे गुडघे काय म्हणतात? तिसऱ्या मजल्यावरून दोरीला टोपली बांधून भाजी वर ओढतेस असं कळलं. (कुणाकडून ते सांगणार नाही. तुझ्या खाली राहणाऱ्या दाताच्या डॉक्टरांना उगाच दोष देऊ नकोस.)

पत्राचं कारण मोठं आहे, तेव्हा खुर्चीत बसून वाच. आमच्या विमा कचेरीत नवा नियम आला आहे. आर्थिक नियोजनाची प्राथमिक परीक्षा जो पास होणार नाही, त्याची काउंटरवरून उचलबांगडी, थेट तळघरात, जुन्या फायलींत. तिथे एक गृहस्थ आधीच आहेत. ते हल्ली कपाटांशी बोलतात. मला माणसं लागतात, हे तुला ठाऊक आहे. आणि मी दोनदा नापास झालो आहे! पहिल्या खेपेला प्रश्न होता, ग्राहक मोठी रक्कम घेऊन आला तर त्याला प्रथम काय विचाराल? मी लिहिलं, 'सुट्टे आहेत का?' सव्वीस वर्षं काउंटरवर काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! दुसऱ्या खेपेला चार पर्यायांतून एक निवडायचा होता. मला चारही थोडे थोडे पटायचे, म्हणून जिथे तिथे दोन-दोन खुणा केल्या. या परीक्षेचं शिकवणारी आणि पेपर तपासणारी मुलगी आमच्या थोरलीच्या वयाची. 'सर, सर' म्हणत अदबीने नापास करते. (त्यापेक्षा कान धरला असता तर बरं वाटलं असतं.)

आता तिसरी आणि शेवटची संधी. लेखी कशीबशी निघाली. उरलं प्रात्यक्षिक. एक खराखुरा माणूस गाठायचा, त्याची मिळकत, खर्च, काळज्या विचारून घ्यायच्या, त्याच्या म्हातारपणाची योजना आखायची आणि त्यावर त्याची सही घ्यायची. माणूस मिळेना. बायकोला विचारलं, तर म्हणाली, "तेवीस वर्षं तुमच्यापासून लपवलं, ते आता मार्कांसाठी सांगू होय?" न्हाव्याने सगळं मोकळेपणी सांगितलं, पण माझी अर्धी दाढी झालेली असताना. बाकावर वाट बघणाऱ्या चौघांनी त्याला आपापले सल्ले दिले. त्याला ते माझ्या सल्ल्यापेक्षा पटले आणि सही करायला त्याने साफ नकार दिला. शेवटी मी तुझा फॉर्म भरला. तुला न विचारता. काउंटरवर तेच तर करतो मी. कुणी चष्मा विसरलेला असतो, कुणी फॉर्म बघूनच गांगरलेला असतो. मी भरून देतो, ते सही करतात. सवयीने हात चालत राहिला आणि चौथ्या पानावर लक्षात आलं की ग्राहकाशी आपण अवाक्षर बोललेलो नाही.

पण विचारायचं काय होतं? तुझं सगळं मला पाठ. शाळेचे गणवेश शिवून काय मिळायचं, भाडं किती, आणि पासबुक तर दरवर्षी मीच भरून आणतो. वजाबाकी केली तर दरसाल थोडं शिल्लक पडायला हवं होतं. पडत नव्हतं. तीनदा करून पाहिली. मग कुठल्या साली पैसे गेले ते काढलं, तर माझी फी, माझे वाकडे दात, माझ्या लग्नाचा सूट (तोही तू शिवलेला नको, दुकानातलाच हवा होता मला). तूट म्हणजे मीच होतो, आत्या. मला डब्याच्या वेळेत रडू आलं. शेजारचा म्हणाला, भाजी तिखट आहे वाटतं. 'जोखीम घेण्याची तयारी' या रकान्यात मी 'भरमसाट' लिहिलं. शिकवणाऱ्या मुलीने 'याला आधार काय' विचारलं, तेव्हा मी वजाबाकीचा कागद तिच्यापुढे सरकवला. तिने योजना दोनदा वाचली आणि म्हणाली, "सर, यांनी सगळ्यांची सोय केली, स्वतःची नाही केली." पास व्हायला वीस मार्क लागतात. तिने मला बावीस दिले, मात्र तुझ्या सहीच्या अटीवर.

प्रकृतीला जप.

तुझा,
तळघराच्या पहिल्या पायरीवर उभा असलेला
भाचा

ता. क. फॉर्म सोबत आहे. फुली केली आहे तिथे सही करून सोमवारच्या आत पोचेल असा धाड. उगाच वाचत बसू नकोस.

आणखी एक. तुझं वय मी चौसष्ट लिहिलं आहे. त्या मुलीचा फोन आला तर तेच सांग. खऱ्या वयाला तक्त्यात जागाच नव्हती.

शेवटचं. तू वाचणारच, म्हणून सांगून टाकतो. सातव्या पानावर 'पुढील निवास' यापुढे मी आमची मागची खोली लिहिली आहे. तळमजला, पायऱ्या दोनच. शिवणयंत्रासाठी बायकोने खिडकीजवळची जागा मोकळी करून ठेवली आहे. हे मार्कांसाठी नाही. दोन वर्षं फोनवर म्हणेन म्हणतो, आणि तू 'कशाला रे' म्हणशील या भीतीने हवापाण्याचं बोलून ठेवून देतो. नको असेल तर तेवढी ओळ खोड. चार मार्क जातील आणि मी मुकाट्याने तळघरात जाईन. मात्र खोडलंस तर शेजारी कारण लिहावं लागतं. त्यासाठी जागा अर्धा इंच आहे. ती मीच आखली आहे.